काळसोंडीचे दळण

काळसोंडीच्या किल्ल्याकडे उत्तरेच्या वाटेने येणाऱ्याला तटबंदी दिसण्याआधी कड्यावरचा पांढरा पट्टा दिसतो. डोंगर सगळा काळ्या पाषाणाचा, हत्तीने सोंड पुढे टाकून बसावे तसा नदीच्या पात्राकडे झुकलेला. त्या काळ्या अंगावरून, तटाच्या पायापासून खालच्या करवंदीच्या जाळ्यांपर्यंत, एकच पांढरी धार उतरते. पावसाने ती धुऊन जात नाही आणि उन्हाने पिवळी पडत नाही. नवखे लोक म्हणतात, गिधाडांची विष्ठा असेल. कोणी जाणता म्हणतो, चुनखडीची शीर उघडी पडली असेल. वाट दाखवणारे लखू नाईक दोन्ही तर्क शांतपणे ऐकून घेतात, काठी रोवून उभे राहतात आणि म्हणतात, "पीठ आहे ते. हात लावून बघा. तोंडात मात्र घालू नका."

मग ते पाहुण्यांना वर नेतात. महादरवाजा, देवडी, कोरडे पडलेले पागेचे हौद, छप्पर गेलेली सदर, हे सारे ते न थांबता ओलांडतात. थांबतात ते दक्षिण तटाला लागून असलेल्या एका लांबट, बुटक्या दगडी पडवीत. तिला जातेघर म्हणतात. भुईत रोवलेली जाती अजून ओळीने आहेत. त्यांतल्या मधल्या जात्याची वरची तळी झिजून झिजून भाकरीएवढी पातळ झाली आहे. त्या जात्यापाशी बसून लखू नाईक जी हकीकत सांगतात, ती त्यांच्या आज्याने त्यांना सांगितली, आणि आज्याला त्याच्या आज्याने, असे म्हणतात.

त्या काळी ही नदी दोन राज्यांची शीव होती. अलीकडचा राजा कोण आणि पलीकडचा कोण, ह्यावर गावात आजही एकमत नाही आणि त्याची कोणाला फारशी फिकीरही नाही. शिवेवरच्या गडाला राजा दूरच असतो, जवळ असतो तो शत्रू. काळसोंडीच्या तटावरून पलीकडच्या चौकीतला धूर दिसे, त्यांच्या घोड्यांचे खिंकाळणे ऐकू येई. त्यामुळे ह्या गडावर सगळ्या कामांना एक शिस्त होती, आणि त्या शिस्तीचा आरंभ नगाऱ्याने होत नसे, जात्यांनी होई. उजाडण्याआधी जातेघरात पहिली घरघर उठे. ती ऐकून देवडीवरचा पहारेकरी दरवाजाचा अडसर मागे ओढी, पाणके टाक्याकडे निघत, पागेत खरारा सुरू होई, आणि मग सूर्य दिसल्यावर नगारा वाजे. जातेघर जागे झाले म्हणजे गड जागा झाला, असे गडावरचे लोक समजत.

त्या जातेघराची मुख्य होती धुरपा. तिचा नवरा दक्षिणेच्या बुरुजावर जुन्या एका हल्ल्यात पडला होता. मुलगा तुळाजी तटावर शिपाई होता, आणि सून काशी धुरपेच्या शेजारच्या जात्यावर दळी. धुरपा अंगाने वाळकी, बोलायला थोडी आणि जेव्हा बोले तेव्हा टोचणारी. दळणात खडा राहिला तर ती दळणारणीला रागावत नसे. तो खडा तिच्या तळहातावर ठेवी आणि म्हणे, "घरी ने. नवऱ्याला दाखव, आज काय रांधलंस ते."

एका वर्षी दसऱ्याला पलीकडच्या सरदाराचा वकील सदरेवर आला. निंगाप्पा त्याचे नाव. सरदाराची फौज नदी उतरत आहे, गड मुकाट्याने खाली करून द्यावा, असा त्याचा निरोप होता. सदर भरलेली होती. कोठारे भरलेली होती. सोने लुटून आलेल्या शिपायांच्या पागोट्यांत आपट्याची पाने होती. किल्लेदार मानकोजी खलाटे हे शूर गृहस्थ होते, पण दसऱ्याच्या दिवशी शूर माणसाच्या तोंडून शब्द जरा सैल सुटतात. पूजेसाठी नव्या पिठाचे सूप घेऊन आलेली धुरपा त्याच वेळी सदरेच्या पायरीशी उभी होती, असे सांगतात. तिच्याकडे बोट करून किल्लेदार वकिलाला म्हणाले, "ही आमची जातेघरची धुरपा. जोवर हिचं जातं फिरतंय, तोवर काळसोंडीचं निशाण उतरणार नाही. जा, तुझ्या धन्याला सांग."

सदर हसली, वकीलही हसला. धुरपा हसली नाही. आपल्या जात्याचे नाव निशाणाशेजारी घेतले गेले, हे तिने मनात जपून ठेवले.

वेढा पडला. फौजेने नदी उतरून गडाच्या खालच्या वाटा अडवल्या, आणि नदीपलीकडच्या, समोरच्या बैठ्या टेकडीवर सरदाराने आपला तळ दिला. ती टेकडी आणि दक्षिणेचा तट ह्यांच्यामध्ये फक्त नदीची दरी. तोफ तेथून पोचत नव्हती, पण आवाज पोचत होता. सरदार जुना आणि सावध होता. त्याने तटाला एक शिडीसुद्धा लावली नाही. वकिलाने सांगितलेला शब्द त्याच्या ध्यानात होता. रोज पहाटे तो तंबूबाहेर येऊन उभा राही आणि गडावरची जाती ऐके. ज्या पहाटे ती ऐकू येणार नाहीत, त्या पहाटे गड आपला, एवढे साधे त्याचे गणित होते. गडावर अन्न होते तोवर ह्या गणिताचे कोणाला भय वाटले नाही.

चूक झाली होती ती आधीच, उन्हाळ्यात. कारखानीस हे कोठारांचे अधिकारी. ते मोठे टापटिपीचे. अंबारखान्याच्या भिंतींना त्यांनी नवा चुना करवून घेतला होता. चुना पुरता वाळेपर्यंत कोठार उघडे ठेवायचे, ही गडावरची जुनी रीत. पण वळीव आला, बाहेर ठेवलेला जोंधळा भिजेल ह्या भीतीने त्यांनी तो घाईने आत भरला आणि दारे लिंपून घेतली. ओल्या चुन्याच्या पोटात दाणा पावसाळाभर कोंडला गेला. दर्शनी भागातले धान्य चांगले होते, म्हणून कोणाला संशय आला नाही. वेढा पडल्यावर खणत खणत माणसे आत गेली, तेव्हा काळी बुरशी चढलेला, हात लावताच ढेकळासारखा फुटणारा जोंधळा लागला. त्याचा वास देवडीपर्यंत आला. कारखानीस तेथेच खाली बसले आणि पुष्कळ वेळ उठले नाहीत. त्यांना कोणी बोलले नाही. बोलून दाणा परत येणार नव्हता.

चांगले जेवढे निघाले, तेवढे आजारी आणि बाळंतीण ह्यांच्यासाठी बाजूला काढले. बाकीच्यांनी चिंचोके उकडले, कड्यातले कंद खणले, वाळलेली अंबाडी शिजवली. काशी नुकतीच बाळंत झाली होती. तिच्या वाट्याला जोंधळ्याच्या कण्यांची पेज येई.

किल्लेदारांनी सदर बोलावली. शेवटचे दळण उद्या सरेल आणि मग जाती थांबतील, हे त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता सांगितले. सरदाराकडून तहाची कलमे मागवली होती, ती सबनिसांनी वाचून दाखवली. शिपायांनी आपापल्या हत्यारांसह, निशाण गुंडाळून, सुखरूप निघून जावे. गड, त्याचे तट, टाकी, तोफा, आणि गडाच्या कामावरची माणसे, म्हणजे पाणके, लोहार, चुना मळणारे आणि जातेघरच्या बायका, ही गडाबरोबर नव्या धन्याकडे जावीत.

वाचन संपले. तटावरचे शिपाई एकमेकांकडे पाहू लागले. तुळाजी त्यांच्यातच उभा होता. त्याला तलवारीसह मोकळीक होती, त्याच्या बायकोला नव्हती. तिच्या कुशीतल्या मुलीचे नाव अजून ठेवायचे होते, तिला तर नव्हतीच. टाके जसे गडाचे, तसे हे जीव गडाचे.

धुरपा पायरीखाली उभी होती. सदरेवर बायकांनी बोलण्याची रीत नव्हती. ती पायरी चढली नाही. तेथूनच म्हणाली, "सरकार, दसऱ्याला काय बोलला होता?"

किल्लेदारांना आठवण करून देण्याची गरज नव्हती. "आठवतंय, धुरपा. जातं फिरतंय तोवर निशाण उतरणार नाही, असं म्हणालो होतो. उद्या जातं थांबेल."

"कोण म्हणतं?"

"दाणा कुठाय?"

"दाण्याचं तुम्ही काही बोलला नव्हता. जातं म्हणाला होता. जात्यात काय घालायचं ते आम्ही बघू. फिरतंय का एवढंच तुम्ही बघा."

सदरेवर कोणी तरी हसले आणि लगेच गप्प झाले. किल्लेदारांना राग आला असावा, कारण ते उठून उभे राहिले, असे सांगतात. पण शब्द त्यांचा होता, वकिलासमोर आणि भरल्या सदरेत दिलेला, आणि ते शब्दाला हलके मानणाऱ्यांपैकी नव्हते. शेवटी ते एवढेच म्हणाले, "बरं. ज्या पहाटे ते थांबेल, त्या सकाळी निशाण खाली."

"थांबेल तेव्हा," धुरपा म्हणाली, आणि निघून गेली.

जातेघरात मात्र तिचे बोलणे इतक्या सहज मानले गेले नाही. रिकामे जाते फिरवणे हे आपल्याकडे फार मोठे अशुभ मानतात. जे जाते दाण्यावाचून फिरते ते घरातले माणूस खाते, असा समज आहे. शेवटचे सूप रिते झाले तसे बायकांनी खुंट्यांवरचे हात काढून घेतले. आंबू म्हणून एक होती, तोंडाची फटकळ पण मनाची भित्री. ती म्हणाली, "धुरपाआत्या, तुमच्यापुढं कोण बोलणार. पण रितं जातं फिरवलं की घरचा बाप्या जातो."

"माझा गेलाय," धुरपा म्हणाली. "सरका."

तिने मधल्या जात्याचा खुंटा धरला आणि ते रिते फिरवले. दगडावर दगड घासून जो आवाज निघाला त्याने सगळ्यांचे दात शिवशिवले. ती घरघर नव्हती, ते किंचाळणे होते. ज्याच्या घरी कधी दळण झाले आहे असा कोणीही माणूस तो आवाज ऐकून सांगेल, की जाते उपाशी आहे. समोरच्या टेकडीवर अशी माणसे थोडी नव्हती. धुरपेने हात थांबवला. आता दातओठ खाऊन भागणार नव्हते, जात्याच्या तोंडात काही तरी पडायला हवे होते. राख घातली तर ती उडते. वाळू घातली तर जाते कुरकुरते.

उंबऱ्यावर रांगोळीची पुसट रेघ होती. वेढा पडला तरी गडावरच्या बायकांनी सदरेपुढची आणि जातेघरापुढची रांगोळी सोडली नव्हती. त्या काळी रांगोळी कोणी विकत घेत नसे. शिरगोळे नावाचे मऊ, पांढरे दगड फोडून, जात्यावर दळून ती करीत, आणि काळसोंडीच्या उत्तर कड्याशी शिरगोळ्यांचा तोटा नव्हता. धुरपा त्या रेघेकडे पाहत राहिली. मग ती उठली, पदर कमरेला खोचला आणि उत्तरेकडे चालू लागली. परत आली तेव्हा तिच्या ओच्यात दगड होते.

आंबूने ते पाहिले आणि तिला सगळे समजले. "आत्या, हे दळून कोणाला वाढायचं?"

"समोरच्याला. बरेच दिवस कान लावून बसलाय, भूक लागली असेल."

शिरगोळे फोडून त्यांचे दाण्याएवढे तुकडे केले. खिळ्याखाली चिंधी सारून वरची तळी किंचित उचलली. पहिली मूठ जात्यात पडली, खुंटा फिरला, आणि जातेघरात तोच जुना, जड, भरल्या पोटाचा आवाज घुमला. एकेक बाई आपापल्या जात्यापाशी येऊन बसली. कोणी तरी ओवी धरली. ती ओवी नवीन होती. कोणी रचली हे ठाऊक नाही, पण गावात ती अजून म्हणतात:

दाणा सरला सरू दे, खुंटा हातीचा सुटेना
डोंगर दळीते मी बाई, माझं दळण खुटेना

ओवीतले शब्द दरीपलीकडे पोचत नव्हते, सूर तेवढा पोचत होता. त्या पहाटेही पहारेकऱ्याने अडसर ओढला, पाणके टाक्यावर गेले, नगारा वाजला. सरदार तंबूबाहेर येऊन ऐकत उभा राहिला आणि पुन्हा आत गेला. काळसोंडीचे निशाण वरच होते.

पुढे हाच क्रम झाला. दिवस वर आला की बायका दक्षिण तटावर उन्हात सुपे घेऊन बसत आणि ते पांढरे पीठ समोरच्यांना दिसेल असे चाळीत, पाखडीत. समोरच्यांच्या दृष्टीने ते दळण होते आणि गडाच्या दृष्टीने ते निशाण होते. दिवस मावळताना तेच पीठ पाट्यांत भरून, शत्रूच्या नजरेआडच्या उत्तर कड्यावरून खाली ओतून देत. पोटात चिंचोके आणि हातावर दगडाचे पीठ, अशा स्थितीत त्या दळीत राहिल्या. तळहात सोलले. हिरड्यांतून रक्त येऊ लागले. चाळताना श्वासाबरोबर पांढरी पूड आत जाई आणि खोकला लागे. खोकताना ओवी तुटली की शेजारची ती उचलून धरी. कोणी म्हणे, अन्नपूर्णेची ही थट्टा आहे. धुरपा म्हणे, थट्टा आहे खरी, पण तिची नव्हे.

किल्लेदार हे सगळे पाहत होते. ते जातेघराकडे येत नसत. त्यांना लाज वाटत होती की आशा, हे त्यांनाच नीट उमगले नसावे.

अखेर सरदाराचा धीर सुटू लागला. त्याच्याकडचा दाणावैरणीचा साठा ओसरत चालला होता आणि गडावरच्या दळणाला मात्र अंत दिसत नव्हता. त्याने निंगाप्पाला पुन्हा वर पाठवले. बोलणे तहाचे करायचे आणि डोळे कोठारावर ठेवायचे, असे त्याला बजावले होते.

निंगाप्पा आला. किल्लेदारांनी त्याला सदरेवर बसवले, पण कोठार दाखवण्यास नकार दिला. तेव्हा तो आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, "कोठार नको तर नको. दुरून आलो मी. गडाची भाकरी तरी वाढाल की नाही?"

पाहुण्याने भाकरी मागितली. ह्यावर नाही म्हणायला जागा नव्हती. निरोप जातेघरात आला तेव्हा सगळ्या बायकांच्या नजरा धुरपेकडे वळल्या, आणि धुरपेची काशीकडे. गडावर खरा जोंधळा उरला होता तो बाळंतिणीच्या गाडग्यात. त्यालाही तळ दिसत होता. ती पेज थांबली की दूध आटणार, हे कोणी बोलून दाखवायला नको होते.  

काशीने गाडगे स्वतः पुढे केले. म्हणाली, "आत्याबाई, भाकरीला काठ जाड ठेवा. भरल्या घरची भाकरी पातळ नसते."

ज्या जात्यावर देवाचे दळण होई, ते एकच शिरगोळ्यापासून वेगळे ठेवले होते. त्यावर धुरपेने तो मूठभर जोंधळा दळला. खऱ्या पिठाचा वास जातेघरात पसरला तशा सगळ्या बायकांनी माना फिरवल्या. कोणी तोंडाला पदर लावला. धुरपेने भाकरी थापली, काठ जाड ठेवला आणि ती स्वतः सदरेवर घेऊन गेली.

निंगाप्पाने भाकरी हातात घेतली, मोडून तिचे दोन भाग केले आणि एक भाग ताटाबाहेर फडक्यावर ठेवला. दुसऱ्यातला घास त्याने तोंडात घातला. चावताना तो क्षणभर थांबला. धुरपेला कळले. हात कितीही धुतले तरी नखांत उरलेली पांढरी कच त्याच्या दाताखाली आली होती. पण त्याने घास गिळला, उरलेला भाग शांतपणे संपवला आणि म्हणाला, "ज्या जात्याची एवढी कीर्ती ऐकली, ते तरी दाखवा."

जाते दाखवायला नकार देता येईना, कारण निशाण त्याच्याच नावाने उभे होते. तो जातेघराच्या दारात येऊन उभा राहिला. बायका दळीत होत्या. भिंतीकडेला पांढऱ्याशुभ्र राशी होत्या. निंगाप्पा राशींकडे पाहत राहिला, मग भुईकडे, मग भिंतीच्या फटींकडे. आतल्या कोपऱ्यात काशीची मुलगी रडू लागली होती. तिचे रडणे क्षीण होते. निंगाप्पाने ते ऐकले. तो धुरपेकडे वळून, फक्त तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, एवढं पीठ सांडलंय, पण तुमच्या पिठाला मुंगी नाही."

धुरपेने हातातले सूप खाली ठेवले नाही. म्हणाली, "गडावर मुंग्यांनाही हुकूम आहे. वेढा उठेस्तोवर उपास."

 निंगाप्पाने फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी तिच्या सुपात ठेवली. "काठ फार जाड केलात. माझ्याने सरली नाही. उष्टी नाही ही. रडतंय त्याच्या आईला द्या." एवढे बोलून तो देवडीकडे चालू लागला.

धुरपेने किल्लेदारांपाशी जाऊन जे घडले ते तसेच्या तसे सांगितले. वकिलाने ओळखले, हेही लपवले नाही.

"मग संपलं," किल्लेदार म्हणाले.

"निशाण वर आहे, सरकार. पहाटे दळायचंय. मी निजते."

ती पहाट धुक्याची होती. समोरची टेकडी दिसत नव्हती. शिड्या लागणार असे धरून शिपाई तटावर जागोजाग उभे होते. धुरपा आपल्या जात्यापाशी बसली आणि खुंटा धरला, तोच समोर कोणी तरी मांडी घालून बसले. किल्लेदार होते. कंबरेची तलवार काढून त्यांनी भिंतीला टेकवली होती. पुरुषाने जात्याला हात लावू नये, लावल्यास हसे होते, हा समज सगळीकडे आहे. मानकोजी खलाट्यांनी त्याच खुंट्यावर, धुरपेच्या हातावर, आपला हात ठेवला आणि जाते ओढले. ते वेडेवाकडे फिरले.

"गळा धरल्यासारखा खुंटा धरू नका, सरकार," धुरपा म्हणाली. "जातं काही पळून जात नाही. धनी माणसंच जातात."

हे ऐकून आंबू हसली, असे म्हणतात. मग किल्लेदारही हसले. कारखानीस आले, ते दुसऱ्या जात्यापाशी बसले. तुळाजी काशीच्या जात्यापाशी बसला. त्या पहाटे काळसोंडीवर जेवढा आवाज झाला, तेवढा भरल्या कोठाराच्या दिवसांतही कधी झाला नव्हता. येणाऱ्याने यावे, पण गड झोपलेला सापडला असे त्याला म्हणता येऊ नये, एवढेच त्यांच्या मनात होते.

निंगाप्पाने आपल्या धन्याला काय सांगितले, ते नंतर नदीपलीकडच्या लोकांकडून कळले म्हणे. सरदाराने विचारले, किती दिवसांचे पीठ आहे? निंगाप्पा म्हणाला, "मी राशी डोळ्यांनी पाहिल्या आणि भाकरी खाऊन आलो. तो डोंगर सरेल तेव्हा त्या गडाचं पीठ सरेल." ह्यात एक अक्षर खोटे नव्हते. त्याने असे का केले, ह्याचे कारण कोणी सांगत नाही. लखू नाईक म्हणतात, त्याच्याही आईच्या घरी जाते असेल.

धुके निवळले तेव्हा टेकडीवरचे तंबू उतरत होते.

धुरपेचे पुढे काय झाले ह्याबद्दल दोन मते आहेत. एक मत असे, की पहिला ताजा जोंधळा गडावर आला तेव्हा ती खुंट्यावर हात ठेवून निजली होती आणि उठली नाही. हे मत कथेकऱ्यांना आवडते. गावातल्या बायका मात्र ते मानत नाहीत. त्या म्हणतात, धुरपाई खूप जगली, नातीच्या लग्नात जेवली आणि तेथल्या दळणात खडा काढून दाखवला. आमच्या गावात तिला कोणी मरू देत नाही, असे लखू नाईक सांगतात, आणि ह्या ठिकाणी त्यांचा आवाज किंचित चढतो.

एक गोष्ट मात्र दोन्ही मतांत सारखी आहे. किल्लेदारांनी ती तहाची कलमे सदरेवर फाडली आणि नवा रिवाज घातला. पुन्हा कधी ह्या गडाचा करार झालाच, तर त्यात तट लिहावा, टाके लिहावे, माणूस लिहू नये. आणि जो कोणी काळसोंडीचा अधिकार घेईल, त्याने निशाणाच्या दोरीला हात लावण्याआधी धुरपेच्या जात्याला हात लावावा.

आता गडावर किल्लेदार नाही आणि शीवही नाही. दोन्ही काठांवर एकाच देशाची माणसे राहतात, आणि पलीकडच्या गावांतल्या मुली ह्या गावात सुना म्हणून येतात. पण आजही वेढा उठल्याच्या तिथीला आणि झेंडावंदनाच्या दिवशी गावकरी गडावर जमतात. बायका शिरगोळे घेऊन येतात. त्या दिवशी ज्याच्या हातून झेंडा वर जायचा, मग तो सरपंच असो, शाळेचा मुख्याध्यापक असो की तालुक्याहून आलेला साहेब, त्याला आधी मधल्या जात्यापुढे मांडी घालावी लागते. समोर गावातली कोणी तरी म्हातारी बसते आणि त्याच्या खुंटा धरण्याला नावे ठेवते. एकदा एका साहेबांनी कपडे मळतील म्हणून बसण्यास नकार दिला. कोणी वाद घातला नाही. दोरी तेवढी त्यांच्या हाती कोणी दिली नाही. ऊन चढत गेले, माणसे उभी राहिली, आणि शेवटी साहेब बसले. त्यांच्या दळणाची रांगोळी खांबाभोवती घातली, तेव्हाच झेंडा वर गेला. उरलेले पीठ मावळतीला उत्तरेच्या कड्यावरून सोडतात. म्हणून तो पट्टा पुसला जात नाही.

हे ऐकून उठताना पाहुण्यांपैकी कोणी तरी त्या झिजलेल्या तळीवर बोट फिरवतो आणि विचारतो, की ही तर आता फुटायला आली आहे, फुटल्यावर काय कराल?

लखू नाईक काठी उचलतात आणि आधी जात्याकडे, मग त्याच्या पाठीमागच्या काळ्या कड्याकडे पाहतात.

"दुसरी घडवू," ते म्हणतात. "डोंगर आहे ना."